म्हातारपणाचा कायदा: चेंबूरच्या भिक्षेकरी गृहापासून दोनशे रुपयांच्या बक्षीसपत्रापर्यंत

आजचा एपिसोड कायद्याच्या इतिहासावर आहे. लगेच स्किप करू नका, कारण हा इतिहास तुमच्या आईवडिलांचा आहे आणि अजून तीस-पस्तीस वर्षांनी तुमचा-माझाही होणार आहे. नेहमीप्रमाणे जे बोललो तेच खाली लिहून काढलंय, मधले "म्हणजे काय" आणि "बरं का" कमी करून.

प्रश्न साधा आहे. समजा घरात एक माणूस आहे, जो स्वतःचं स्वतः करू शकत नाही. वयामुळे असेल, अपंगत्वामुळे असेल. आंघोळ, जेवण, औषधं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याने करायचं. आठ दिवस नाही, वर्षानुवर्षं. हे कोणी करायचं, पैसे कोणी द्यायचे, त्याच्या वतीने सही कोणी करायची, आणि करणारं माणूस आधी गेलं तर पुढे काय? या चार प्रश्नांवर आपल्या राज्यात कायदा काय म्हणतो आणि तो कुठून आला, एवढंच आज बघायचंय.

सुरुवात जरा कडू आहे. निराधार म्हातारी आणि अपंग माणसं ज्यांच्या तावडीत आधी सापडली, ते राज्याचे कायदे मदतीचे नव्हते, पकडण्याचे होते. मुंबई प्रांतात १९४५ साली भिकाऱ्यांसाठी कायदा झाला. मग १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला आणि तो महाराष्ट्रात आजही आहे. त्यात 'भीक मागणे' याची व्याख्या वाचली की अंगावर काटा येतो. हात पसरणं तर त्यात आहेच. शिवाय अंगावरची जखम, व्यंग किंवा आजार दाखवून पैसे मागणं आलं. आणि पोट भरण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकत असणं, तेही आलं. म्हणजे मुलांनी घराबाहेर काढलेली, खिशात दमडी नसलेली एक सत्तर वर्षांची बाई स्टँडवर बसली आहे. ती कोणाकडे काही मागत नसली तरी तिला या व्याख्येत बसवायला जागा होती. पहिल्यांदा पकडलं तर एक ते तीन वर्षं संस्थेत, पुन्हा पुन्हा सापडली तर दहा वर्षांपर्यंत. चेंबूरचं भिक्षेकरी गृह त्याच व्यवस्थेतलं. मुंबईचा हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू केला होता. तिथे ८ ऑगस्ट २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. इकडे, जिथे तो जन्मला, तिथे तो पुस्तकात तसाच आहे.

ही झाली रस्त्यावरच्या माणसाची गोष्ट. घरातल्या माणसाचं काय? तिथे सरकारचं धोरण एका वाक्यात सांगता येतं: पोरं बघतील. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याच्या कलम २० ने वृद्ध किंवा अपंग आईवडिलांचं पोषण हे मुलगा आणि मुलगी दोघांचं कर्तव्य ठरवलं. पण हा दिवाणी मामला. दिवाणी म्हणजे तारीख पे तारीख. लवकर मिळणारा उपाय फौजदारी संहितेत होता, तोही बायको आणि मुलांपुरता. १९७३ ची नवी फौजदारी संहिता आली तेव्हा तिच्या कलम १२५ मध्ये आईवडिलांना पहिल्यांदा जागा मिळाली. रकमेला मर्यादा होती महिना ५०० रुपये.

आता कल्याणला जाऊ. या सगळ्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती केस तिथली आहे.

काशीराव राजाराम सवाई नावाचे एक गृहस्थ. पहिली पत्नी १९४८ मध्ये वारली, त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिल्या पत्नीपासूनची मुलगी विजया शिकली, डॉक्टर झाली, लग्न करून डॉ. विजया मनोहर अरबट झाली आणि कल्याणला प्रॅक्टिस करू लागली. वडिलांनी कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की मला स्वतःला पोसता येत नाही, मुलीकडून महिना ५०० रुपये मिळावेत. म्हणजे कायद्यात जास्तीत जास्त जेवढे होते तेवढे. मुलीचा आक्षेप व्याकरणाचा होता, आणि मला तो फार इंटरेस्टिंग वाटतो. ती म्हणाली, कलमाच्या इंग्रजी मजकुरात आईवडिलांच्या आधी जे सर्वनाम आहे ते पुल्लिंगी आहे. 'त्याचे' आईवडील असं म्हटलंय, 'तिचे' म्हटलेलं नाही. तेव्हा जबाबदारी फक्त मुलाची. दंडाधिकाऱ्यांनी आक्षेप फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला, आणि १८ फेब्रुवारी १९८७ ला सर्वोच्च न्यायालयानेही. कोर्टाने सांगितलं की कायद्यातलं पुल्लिंगी सर्वनाम बाईलाही लागू होतं, आणि लग्न झालं म्हणून मुलगी मुलगी असायची थांबत नाही. एक अट मात्र घातली. मुलीकडे नवऱ्याच्या कमाईव्यतिरिक्त स्वतःचं पुरेसं उत्पन्न असलं पाहिजे.

निकाल बरोबर आहे असं माझंही मत आहे. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. आईवडिलांना सांभाळायचं मुलीचं कर्तव्य कागदावर १९५६ पासून, आणि सुप्रीम कोर्टाचा शिक्का १९८७ चा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मापासूनचा हक्क? तो महाराष्ट्राने दिला २२ जून १९९४ ला, तोही त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींपुरता. देशभर सगळ्या मुलींना तो २००५ मध्ये मिळाला. म्हणजे कर्तव्य आधी डिलिव्हर झालं आणि हक्क नंतरच्या रिलीजमध्ये आला. आणि आपल्या उरण-पनवेल पट्ट्यात तो आल्यानंतरही तलाठ्याकडे बहिणींची हक्कसोडपत्रं किती पडली असतील, हे तुमच्या घरातल्या आत्यांना विचारा. सही करताना त्यांना काय सांगितलं होतं तेही विचारा. जमीन सोडल्याने आईला सांभाळायची कायदेशीर जबाबदारी सुटत नाही, हे कोणी सांगितलं होतं का?

आता पैशाकडे येऊ, आणि इथे रायगडचा माणूस येतो. अब्दुल रहमान अंतुले, गाव आंबेत. जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढा छोटा काळ मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्यांच्याच काळात, १ जानेवारी १९८१ ला. त्यांची कारकीर्द सिमेंट प्रकरणाने संपली आणि लोकांना तेच लक्षात राहिलं. पण संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मधली, म्हणजे त्यांचीच. निराधार, अपंग, दुर्धर आजारी, विधवा अशांना दर महिन्याला राज्याच्या तिजोरीतून रोख रक्कम. मघाच्या भिक्षा कायद्याशी तुलना करा. तोच माणूस, तीच अवस्था. एक कायदा त्याला गाडीत घालतो, दुसरी योजना त्याच्या नावे पैसे पाठवते. आणि आजही दोन्ही एकाच वेळी चालू आहेत.

केंद्र सरकार यात बरंच नंतर आलं. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, महिना ७५ रुपये. नंतर केंद्राचा वाटा २०० झाला, पुढे ८० वर्षांवरच्यांना ५००. साठ ते एकोणऐंशीवाल्यांचे २०० अजून २०० च आहेत. तुमच्या मोबाईल रिचार्जपेक्षा कमी. वरचे पैसे राज्य घालतं. ६५ वर्षांवरच्यांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये दोन्ही योजनांची रक्कम १००० वरून १५०० केली.

उत्पन्नाची अट ऐका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. बाराने भागा, महिन्याला १,७५० रुपये येतात. पूर्ण कुटुंबाचे. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे. म्हणजे कागदोपत्री खरं बोलायचं तर आजच्या उरणमध्ये एकही माणूस बसू नये, आणि तरी लोक बसतात, कारण तहसीलमध्ये दाखला कसा निघतो ते सगळ्यांना माहिती आहे. मला हे भ्रष्टाचारापेक्षा वाईट वाटतं. खरोखर गरज असलेल्या म्हातारीला आयुष्याच्या शेवटी एक खोटा कागद काढायला लावणारी अट कोणी का ठेवावी?

आता उरणचं. इथे जरा थांबणार आहे, कारण मुंबई-पुण्याच्या लेखांत हा भाग कधीच येत नाही.

आपल्याकडे म्हातारपणाची सोय म्हणजे काय होतं? सातबारा. शेत, मिठागर, कोळीवाड्यात होडी आणि घर. म्हाताऱ्याचं नाव सातबाऱ्यावर होतं तोवर त्याचा शब्द चालायचा. प्रेम नव्हतं असं नाही हो, पण प्रेमाला जमिनीचा आधार होता. आजी बसल्या जागी चार कामं सांगायची, निवडणं-टिपणं करायची, नातवंडं सांभाळायची. आणि घरात माणसं असायची. हाच मुख्य मुद्दा. शेती आणि मासेमारी करणारं घर दिवसभर रिकामं नसतं.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी जायला लागली. मग न्हावा-शेवा बंदर. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यावर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. त्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. सिडकोच्या गावांना ते नव्वदच्या दशकात मिळायला लागलं. बंदरात जमीन गेलेल्यांच्या हातात भूखंडाचं इरादापत्र पडायला ऑगस्ट २०१४ उजाडलं.

हे वयात मोजून बघा. १९८४ ला चाळीस वर्षांचा असलेला शेतकरी २०१४ ला सत्तरचा होता. त्याची कामाची सगळी वर्षं मोबदला आणि भूखंड यांची वाट बघण्यात गेली. बरेचजण तोवर गेलेही. मग भूखंड कोणाच्या नावावर? वारसांच्या. बिल्डरशी करार कोणाचा? वारसांचा. चेक कोणाच्या खात्यात? जी जमीन म्हाताऱ्याच्या हातातली पत होती, ती त्याच्या हयातीतच पैसा होऊन पुढच्या पिढीकडे गेली. घर स्लॅबचं झालं, तीन मजली झालं. मुलगा कंटेनर यार्डात शिफ्टला, सून नोकरीला, नातू माझ्यासारखा महापे नाहीतर ऐरोलीला लॅपटॉप उघडून बसलेला. दिवसभर घरात कोण? ज्याला स्वतः पाणी घेता येत नाही तो. पुनर्वसनाच्या इतक्या मागण्या आपण केल्या: नोकरी, भूखंड, नाव, शाळा. "म्हाताऱ्यांना दिवसा बघायला कोणी नसेल, त्याचं काय?" हा प्रश्न सरकारी कागदात कुठे दिसत नाही. तो कोणाला सुचलाच नसणार. सुचेल कसा? घरं तेव्हा भरलेली होती.

याच काळात सरकारांना कळायला लागलं होतं की 'पोरं बघतील' हे आपोआप चालत नाही. राज्यात १९९५ ला युतीचं सरकार आलं, त्याने 'मातोश्री' नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रमांची योजना काढली. हिमाचल प्रदेशने २००१ मध्ये आईवडिलांच्या पोषणाचा स्वतःचा कायदा केला. मग संसदेने २००७ मध्ये देशाचा कायदा केला: आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण कायदा. तो राज्य सरकार अधिसूचना काढेल तेव्हा त्या राज्यात लागू होणार होता. महाराष्ट्राने २००९ मध्ये लागू केला आणि २०१० मध्ये नियम केले.

या कायद्याचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण हा माहीत असावा. कोर्टात जायचं नाही. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, त्यांच्या समोर न्यायाधिकरण. साधा अर्ज. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अर्ज करता येतो. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. ज्येष्ठाला सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी टाकून आलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मुलांवरचं झालं. सरकारवर काय? कलम १९ म्हणतं की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांचा वृद्धाश्रम काढू 'शकेल'. काढेल नाही, काढू शकेल. आमच्याकडे रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये 'शकेल' लिहिलेलं फीचर कधीच बनत नाही, हे कोणत्याही डेव्हलपरला विचारा. मुलांसाठी क्रियापद सक्तीचं आणि सरकारसाठी ऐच्छिक, यात सगळं आलं.

पण या कायद्यातलं खरं हत्यार म्हणजे कलम २३, आणि उरणसाठी तेच महत्त्वाचं. ज्येष्ठाने कायदा लागू झाल्यानंतर मालमत्ता मुलांना किंवा कोणालाही दिली, देताना 'माझी मूलभूत सोय आणि शारीरिक गरजा तू बघशील' अशी अट होती, आणि घेणाऱ्याने नंतर ते केलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. बक्षीसपत्र रद्द, घर परत.

आता यात एक गंमत झाली. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राहतं घर आणि शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये केलं, वरचा अधिभार वेगळा. हेतू चांगला होता, घरातल्या घरात कर कशाला. परिणाम असा की बक्षीसपत्र सगळ्यात स्वस्त आणि सोपं झालं. मृत्युपत्र केलं तर हयातीत मालक तुम्हीच राहता, आणि मन बदललं की ते बदलता येतं. बक्षीसपत्र केलं, स्वीकारलं, नोंदलं, की त्या दिवसापासून तुम्ही त्या घरात पाहुणे. तरी लोक बक्षीसपत्र करतात, कारण "नंतर भांडणं नकोत", "वारसनोंदीची कटकट नको", आणि सगळ्यात वरचं, "आपलीच पोरं, अट कशाला लिहायची?"

अट कशाला, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ ला दिलं. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी. कोर्ट म्हणालं की सांभाळायची अट होती हे दाखवावं लागेल. मालमत्ता प्रेमापोटी दिली आणि बदल्यात काही मागितलं नाही, तर कलम २३ लागत नाही. म्हणजे ज्या आईने विश्वास ठेवून अट लिहिली नाही, तीच उघडी पडली. मग २ जानेवारी २०२५ ला ऊर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित हा निकाल आला. मध्य प्रदेशातलं प्रकरण. आईने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि त्याच दिवसाचं एक वेगळं वचनपत्र होतं, ज्यात मुलाने शेवटपर्यंत सांभाळायचं कबूल केल्याचं लिहिलं होतं. न्यायालयाने सांगितलं, हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ सढळपणे लावा. आईला घर परत मिळालं. पण बघा, तिच्याकडेही एक कागद होता.

हे कायदे उलटेही फिरतात, तेही सांगायला हवं. मुलगा-सून भांडतात, मुलगा निघून जातो, आणि सासू-सासरे सुनेला बाहेर काढायला ज्येष्ठांचा कायदा वापरतात. १५ डिसेंबर २०२० च्या एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सामायिक घरात राहण्याचा बाईचा हक्क या कायद्याच्या आडून बुडवता येणार नाही. म्हाताऱ्यांची काळजी बहुतेक घरांत प्रत्यक्ष घेते सून. २००७ च्या कायद्यात 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. जी करते तिचं कायद्यात नावच नाही, ना जबाबदारीत, ना मोबदल्यात.

पगारातून कापायचा प्रयोगही झालाय. आसामने २०१७ मध्ये 'प्रणाम' कायदा केला. सरकारी कर्मचारी आईवडिलांकडे दुर्लक्ष करत असेल तर पगाराचे १० टक्के, आणि दिव्यांग भावंड असेल तर १५ टक्के कापून थेट त्यांना. भावंडाचा विचार करणारा दुसरा कायदा माझ्या वाचनात नाही, त्याबद्दल आसामला सलाम. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये असाच ठराव केला, ३० टक्के कपातीचा. बातम्या खूप झाल्या. पण हे सगळं सरकारी पगारापुरतं.

आता दिव्यांगांकडे, कारण इथे प्रश्न उलटा होतो. म्हाताऱ्यांच्या बाबतीत मुलांनी आईवडिलांचं बघायचं. मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडील बघत असतात, आणि त्यांना रात्री झोप लागू न देणारा एकच प्रश्न असतो: आमच्या मागे याचं कोण?

१८ वर्षांचं झालं की कायद्याने माणूस सज्ञान. मग आईचीही सही त्याच्या वतीने चालत नाही. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमून देते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आईवडिलांनी हयातीतच अर्ज करून हे करून ठेवावं. 'निरामय' नावाचा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही याच न्यासाचा. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं भावंड असेल, तर एपिसोड इथे पॉज करा आणि हे दोन शब्द लिहून घ्या.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मोठा आहे. सातवरून एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य केलं. त्याच्या कलम २४ मध्ये एक सुंदर वाक्य आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे, कारण दिव्यांग असण्याचा खर्चच जास्त असतो. त्याच कलमात काळजीवाहकासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, त्याचे फलक लागले. पण २०२३ ला रक्कम वाढली तेव्हा निराधार १५०० आणि दिव्यांगही १५००. सव्वापट म्हणजे १८७५, हे गणित पाचवीतलं आहे. दिव्यांगांची रक्कम २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. आठ वर्षं लागली.

आणि आता सगळ्यात मोठं भगदाड. तुमचे बाबा आज ठणठणीत आहेत, उद्या स्ट्रोक आला आणि ते कोमात गेले. किंवा हळूहळू स्मृतिभ्रंश झाला. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, उपचाराला पैसे हवेत. तुम्ही म्हणाल, कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ बघा. ज्याने अधिकार दिला त्याची मानसिक क्षमता गेली की दिलेला अधिकार संपतो. छत्री पावसाळ्यापुरती बंद होते, असं काहीसं. इंग्लंडने यासाठी क्षमता गेल्यानंतरही टिकणारं वेगळं मुखत्यारपत्र १९८५ च्या कायद्याने आणलं. आपल्याकडे ते नाही. कोमातल्या माणसाला पालक नेमायची तरतूदही कुठल्या कायद्यात नाही. २७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने एका पत्नीच्या याचिकेवर हे स्पष्ट म्हटलं, आणि घटनेच्या कलम २२६ खालचा स्वतःचा अधिकार वापरून तिला कोमातल्या नवऱ्याची पालक नेमलं. म्हणजे नवऱ्याच्या खात्यातले पैसे त्याच्याच औषधाला वापरायला उच्च न्यायालय गाठायचं. उरणहून फोर्टला. अटल सेतू झालाय म्हणून अंतर कमी, एवढंच.

मुंबईतलीच अरुणा शानभाग आठवा. केईएममधली परिचारिका, २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, १८ मे २०१५ ला मृत्यू. एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलत तिला सांभाळलं. तिच्या नावाने आपण नेहमी इच्छामरणावर वाद घालतो, कारण २०११ चा निकाल त्याबद्दल होता. मला वाटतं, ती त्याआधी दीर्घकाळच्या काळजीची केस आहे. बिछान्यात खिळलेलं माणूस चार दशकं नीट ठेवायला काय लागतं? एक कायमची खाट, पाळ्या लावून काम करणारी पगारी, शिकलेली माणसं, आणि आपलेपणा. यातला आपलेपणा सोडून बाकी कुठल्याच गोष्टीसाठी आपल्याकडे कायदा नाही. उपचार कुठवर चालू ठेवायचे याचं इच्छापत्र आता आधीच करता येतं, २०१८ च्या निकालाने. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. ही इच्छापत्रं सांभाळणारे अधिकारीही महाराष्ट्राने नेमलेत. मरणाचं नियोजन कागदावर आलं. त्याच्या आधीची दहा वर्षं अंथरुणावर कशी काढायची, त्याचा कागद अजून नाही.

बाहेर काय केलं? जर्मनीने १९९५ मध्ये काळजीचा वेगळा विमा सक्तीचा केला. जपानने १ एप्रिल २००० पासून. तिथे वयाची चाळिशी आली की प्रत्येकाच्या उत्पन्नातून हप्ता सुरू होतो. माणसाला किती मदत लागते याच्या सात पायऱ्या ठरवल्यात, त्यानुसार घरी येणारी मदतनीस, दिवसाचं केंद्र, पलंग मिळतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये स्वतःचा कायदा केला. जुलै २०२३ पासून पगाराच्या ०.५८ टक्के कापतात, आणि गरज पडली तर काळजीसाठी ३६,५०० डॉलरपर्यंत देतात. लाखाच्या पगारावर ५८० रुपये धरा. तीही वादग्रस्त योजना आहे, ती ऐच्छिक करायला मतदान झालं, लोकांनी ऐच्छिक होऊ दिली नाही. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. काळजी हे काम आहे आणि त्याला किंमत आहे, हे कायद्याने मान्य केलं.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरचे सुमारे १ कोटी ११ लाख आणि दिव्यांग सुमारे २९ लाख ६३ हजार होते. राज्याने २०१३ ला ज्येष्ठांचं धोरण केलं, २०१८ ला नवं केलं आणि ज्येष्ठत्वाचं वय ६५ वरून ६० केलं. ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. चेष्टा नाही करत, राज्याची सगळ्यात नीट चालणारी ज्येष्ठ योजना हीच आहे. कार्ड दाखवा, बसा. उरण आगारात सकाळी बघा किती आज्या असतात. फक्त ज्याला पलंगावरून उठता येत नाही तो स्टँडवर येत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये २००७ च्या कायद्याची दुरुस्ती लोकसभेत मांडली होती. दहा हजारांची मर्यादा काढायची होती, जावई-सुना व्याख्येत आणायच्या होत्या, आणि पहिल्यांदाच घरी येऊन काळजी घेणाऱ्या सेवांचा दर्जा ठरवायची तरतूद होती. स्थायी समितीने २०२१ मध्ये अहवालही दिला. विधेयक मतदानाला आलंच नाही, २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बाद झालं.

तोवर हातात काय आहे ते सांगून थांबतो. ज्येष्ठांसाठी हेल्पलाईन १४५६७. घरात बक्षीसपत्राची बोलणी चालू असतील तर आईवडिलांना दोन गोष्टी वाचून दाखवा. एक, त्याऐवजी मृत्युपत्र करता येतं. दोन, बक्षीसपत्रच करायचं असेल तर त्यात एक परिच्छेद घाला: राहायला हीच जागा, जेवणखाण, औषधोपचार आणि शुश्रूषा देण्याच्या अटीवर ही मालमत्ता देत आहे, आणि अट मोडल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल. घेणारे तुम्हीच असाल तर तो परिच्छेद तुम्हीच सुचवा. आई "कशाला रे" म्हणेलच, तरी घाला. आणि बँकेत जाऊन त्यांच्या खात्याला दुसरं नाव जोडून घ्या, या आठवड्यातच.

हक्कसोडपत्रावर सही केलेल्या कोणा आत्याशी बोललात तर तिने काय सांगितलं ते कळवा. नाव-गाव न घेता पुढच्या भागात वाचून दाखवीन. चला, भेटू.